किल्ली कोणाकडे? : मराठवाड्यातील बंदूक, औषध आणि सावरणारे हात

मराठवाड्यातल्या खेड्यात 'औषध' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. तापाला देतात ते औषध आणि कपाशीवर फवारतात तेही औषधच. "औषध आणलं का?" असे कोणी विचारले, तर घरात आजारी माणूस आहे की शेतात बोंडअळी, यावरून अर्थ ठरतो. मात्र "त्यानं औषध घेतलं" असे कोणी दबक्या आवाजात सांगितले, की गावात कोणी अर्थ विचारत नाही. जीव वाचवणाऱ्या आणि जीव घेणाऱ्या वस्तूला एकच नाव मिळावे, इतकी ती वस्तू आपल्या घरात रुळली आहे. ती घरात कशी आली आणि तिच्यापासून माणसाला दूर ठेवण्याचे काय प्रयत्न झाले, याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील विभागीय आयुक्त कार्यालयात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवली जाते. २०२२ मध्ये ही संख्या १,०२३ होती. २०२३ मध्ये ती १,०८८ झाली. त्यात बीड जिल्ह्यातील २६९, छत्रपती संभाजीनगरमधील १८२, नांदेडमधील १७५ आणि धाराशिवमधील १७१ जण होते. प्रत्येक प्रकरणाची चौकशी होते आणि ते 'पात्र', 'अपात्र' किंवा 'प्रलंबित' यांपैकी एका रकान्यात जाते. पात्र ठरले तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. तीस हजार हातात आणि सत्तर हजार बँकेत ठेव म्हणून, अशी या मदतीची २००६ पासूनची रीत आहे.

या चौकशीत सातबारा कोणाच्या नावावर होता, कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, पीक गेले होते का, हे विचारले जाते. हे प्रश्न खरे आहेत. नापिकी, बुडालेला भाव, लग्नाचा खर्च, आजारपण, दारू, घरातील बेबनाव यांतले बरेच काही एकाच माणसाच्या वाट्याला आलेले असते, आणि कोणत्याही एका कारणावर बोट ठेवून मोकळे होता येत नाही. तरीही या विषयावरील कागदपत्रे वाचताना मला एक प्रश्न सतत खुणावत राहिला. त्या रात्री त्या माणसाच्या हाताला काय लागले, ते तिथे का होते आणि मध्ये कोणी येऊ शकले असते का?

बंदूक घराबाहेर कशी गेली

जगात हाच प्रश्न बहुधा बंदुकीच्या निमित्ताने विचारला जातो. अमेरिकेत दरवर्षी होणाऱ्या आत्महत्यांपैकी निम्म्याहून अधिक बंदुकीने होतात. भारतात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. हा फरक दुःखाच्या प्रमाणातला नाही. आपल्याकडे घरोघरी बंदूक नाही, एवढेच त्याचे कारण आहे. ती का नाही, याला इतिहास आहे.

जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने उठाव केला. तो मोडून काढण्यात आला आणि शिपायांना देहदंड झाला. क्रांती चौकातील काळा चबुतरा आजही त्याची आठवण देतो. या उठावाने धसका घेतलेल्या इंग्रज सरकारने प्रजेच्या हातातील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण आखले आणि लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. गोऱ्यांना त्यातून सूट होती, म्हणून हा कायदा राष्ट्रीय अपमानाचा विषय बनला. काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत मोजला गेला.

मराठवाडा निजामी मुलखात होता आणि तिथला कारभार वेगळा होता. देशमुख-पाटलांच्या वाड्यांत ठासणीच्या बंदुका असत. रझाकारांच्या काळात खेडोपाडी हत्यारे फिरली आणि त्यांची दहशत मराठवाड्याने भोगली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईने ते पर्व संपले. पुढे स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्र कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि परवान्याची पद्धत त्यात कायम राहिली. मनोरुग्ण व्यक्तीला परवाना नाकारण्याची तरतूद त्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवण्याचे बंधन आले.

या साऱ्या प्रवासात आत्महत्या थांबवणे हा हेतू कोणाच्याच मनात नव्हता. इंग्रजांना बंडाची भीती होती आणि स्वतंत्र भारताला कायदा-सुव्यवस्थेची काळजी. पण राज्यकर्त्यांच्या भीतीपोटी झालेल्या कायद्याचा एक न मागितलेला लाभ सामान्य कुटुंबाला मिळाला. कोसळण्याच्या क्षणी हाताशी बंदूक नसते.

काहींच्या हाताशी मात्र ती असते. पोलिस, राखीव दलांचे जवान, बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभा असणारा माजी सैनिक आणि आत्मसंरक्षणासाठी परवाना घेतलेले बागायतदार किंवा व्यापारी यांना या लाभाचा वाटा मिळत नाही. त्यांच्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

औषध घरात कसे आले

बंदूक दुर्मिळ होत गेली त्याच काळात दुसरी वस्तू घरात शिरत होती. स्वातंत्र्यानंतर शेतीत रासायनिक कीटकनाशके आली आणि हरितक्रांतीने त्यांना बांधापर्यंत पोचवले. त्यांचा धोका देशाला फार लवकर कळला होता. १९५८ मध्ये केरळात जहाजातून आलेल्या पिठात वाटेत कीटकनाशक मिसळले आणि ते खाऊन शंभरावर माणसे दगावली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. त्यातून दहा वर्षांनी १९६८ चा कीटकनाशक कायदा आकाराला आला. डब्यावरचा चौकटीतला रंगीत त्रिकोण १९७१ च्या नियमांतून आलेला आहे. लाल म्हणजे अतिविषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा.

हा कायदा विषाकडे अपघाताच्या नजरेने पाहतो. अन्नात मिसळू नये, फवारताना अंगावर उडू नये, मुलाच्या हाती लागू नये, अशी त्याची चिंता आहे. तीही पुरेशी अंमलात आली नाही, हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात दिसले. तिथे फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. परंतु घरातलाच एखादा जाणता माणूस वैतागाच्या भरात त्याच डब्याकडे वळेल, ही शक्यता कायद्याच्या विचारात फारशी नव्हती.

मराठवाड्यात कपाशीचे क्षेत्र वाढले आणि सोयाबीन आले, तशी फवारणी हे दर हंगामाचे काम झाले. औषध कृषी सेवा केंद्रातून येते, बऱ्याचदा उधारीवर. ज्या दुकानाचे देणे डोक्यावर असते त्याच दुकानाचा डबा घरात असतो. बंदुकीसाठी अर्ज, पोलिस चौकशी, वैद्यकीय दाखला आणि परवाना लागतो. औषधासाठी दुकानदाराची ओळख पुरते. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला शेतात वेगळी खोली कुठून असणार? म्हणून उरलेला डबा घरी येतो आणि कोठीत, माळ्यावर, गोठ्याच्या आड्याला, कधी धान्याच्या कणगीशेजारी राहतो.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसे मी ऐकली आहेत. त्यांच्या बोलण्यात खडी फोडण्याचे काम येते, सुकडी येते, लाल मिलोची भाकरी येते. हाल कमी नव्हते. पण गाव एकाच कामावर एकत्र होते आणि शेजारचा माणूस दिवसभर डोळ्यांपुढे होता. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने जीवन संपवले. ती राज्यातील पहिली जाहीर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या मानली जाते. अंबाजोगाईचे अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलनातील त्यांचे सहकारी त्या दिवशी दरवर्षी अन्नत्याग करतात. त्यांचा रोख शेतकरीविरोधी कायद्यांकडे आहे आणि ती चर्चा व्हायलाच हवी. मात्र धोरणे बदलेपर्यंत घरातला माणूस टिकला पाहिजे, हा प्रश्न तेवढ्याच निकडीचा आहे.

ती वेळ

"ज्याला जायचेच आहे तो कसाही जाणार," असे आपण सहज बोलतो. या एका वाक्याने आजवर जेवढे नुकसान केले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या वाक्याने केले असेल, कारण ते खरे नाही.

प्राणघातक प्रयत्नातून बचावलेल्यांशी बोलून संशोधकांनी निर्णय आणि कृती यांतले अंतर मोजले आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे अशा १५३ तरुणांचा अभ्यास झाला. त्यांतील जवळपास चौथ्या हिश्शाने सांगितले, की ठरवणे आणि करणे यांत पाच मिनिटांहूनही कमी वेळ गेला. ऑस्ट्रियातील दुसऱ्या अभ्यासात ८२ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांनी हा काळ दहा मिनिटांच्या आत असल्याचे सांगितले. मनातला अंधार महिनोन्‌महिने असू शकतो, पण त्याची धार अशी काही मिनिटे किंवा काही तासच राहते. ती वेळ टळली की माणूस पुन्हा बोलण्याच्या स्थितीत येतो. बचावलेल्या दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, असे अशा रुग्णांच्या दीर्घकालीन पाठपुराव्यातून दिसून आले आहे.

म्हणजे त्या अवधीत हाताशी काय आहे, यावर पुष्कळ काही ठरते. बंदूक आणि अतिविषारी औषध यांचे साम्य इथे आहे. दोन्ही पश्चात्तापाला वेळ देत नाहीत. खेड्यात रुग्णाला जीपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात, तिथून पुढे शहरातील घाटी रुग्णालयात आणेपर्यंत मोलाचे तास निघून जातात.

गॅस, बेट आणि सैनिक

साधन दूर केल्याने जीव वाचतात, याचा पहिला मोठा पुरावा इंग्लंडमधून आला आणि तोही योगायोगाने. तिथे स्वयंपाकाला कोळशापासून केलेला गॅस वापरत आणि तो विषारी असे. १९६३ मध्ये इंग्लंड-वेल्समधील ५,७१४ आत्महत्यांपैकी २,३६८ या गॅसने झाल्या होत्या. पुढे स्वस्त पडतो म्हणून बिनविषारी गॅस आला. १९७५ मध्ये गॅसने झालेल्या आत्महत्या अवघ्या २३ होत्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकूण संख्याही ३,६९३ पर्यंत उतरली. एक दार बंद झाल्यावर सगळी माणसे दुसऱ्या दाराकडे वळली नाहीत. बरीच जण थांबली आणि जगली. इथेही हेतू वेगळा होता, फळ वेगळे मिळाले.

हेच समजून-उमजून करण्याचे श्रेय श्रीलंकेला जाते. १९९५ मध्ये तिथे लाखामागे ४७ आत्महत्या होत होत्या, त्या काळच्या जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी हे एक होते. शेतीतले औषध हे तिथले मुख्य साधन होते. त्या देशाने १९९५ पासून अतिविषारी वर्गातील कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. २००५ पर्यंत प्रमाण २४ वर आले. १९९६ ते २००५ या दहा वर्षांत आधीच्या दहा वर्षांच्या तुलनेत सुमारे वीस हजार माणसे कमी मेली. त्या काळात युद्ध चालू होते, बेकारी होती आणि लोकांची दुःखे काही संपली नव्हती. पिकांचे उत्पादनही घटले नाही. कमी विषारी औषधांनी शेती चालत राहिली.

बंदुकीचे उदाहरण इस्रायलच्या सैन्याचे आहे. तिथे तरुण सैनिक आठवड्याच्या सुटीला घरी जाताना शस्त्र सोबत नेत. २००६ मध्ये ते छावणीतच ठेवून जाण्याचा नियम झाला. त्यानंतर १८ ते २१ वयाच्या सैनिकांतील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतली होती, कामाच्या दिवसांतले प्रमाण तसेच राहिले. सैनिकाला निःशस्त्र केले नव्हते. एकटेपणाच्या दोन दिवसांपुरते हत्यार दूर ठेवले होते, एवढेच.

भारताने या वाटेवर काही पावले टाकली आहेत. २०१३ मध्ये अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून ६६ कीटकनाशकांचा फेरविचार झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांपैकी १८ वर बंदीचा आदेश निघाला. नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंधक धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांत दहा टक्के घट करण्याचे उद्दिष्ट आहे आणि घातक कीटकनाशके हाताशी येऊ न देणे हा त्यातील एक उपाय आहे. सगळ्या मार्गांना कुलूप लावता येत नाही, हे खरेच आहे. म्हणून लावता येते तेही लावायचे नाही, असे मात्र होत नाही.

कुलपाची गोष्ट

मग प्रत्येक घरात औषधासाठी एक कुलूपबंद पेटी दिली तर? हा विचार इतका सरळ आहे, की तो अनेकांना सुचला. श्रीलंकेतील अनुराधापूर जिल्ह्यात त्याची मोठी परीक्षा झाली. १८० गावे निवडली. निम्म्या गावांतील शेतकऱ्यांना पेट्या दिल्या, उरलेल्यांना दिल्या नाहीत, आणि तीन वर्षे लक्ष ठेवले. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेट्या दिलेल्या गावांत औषध घेण्याचे प्रकार कमी झाल्याचे आढळले नाही.

दुसरा प्रयोग आपल्या देशातला आहे. चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये 'स्नेहा' ही आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था सुरू केली. त्यांनी व सहकाऱ्यांनी तामिळनाडूतील चार गावांत वेगळी रचना करून पाहिली. दोन गावांत औषधांसाठी सामायिक कोठी बांधली. प्रत्येक शेतकऱ्याला तिथे कप्पा मिळाला आणि कोठी सांभाळायला माणूस नेमला. शेतकरी सकाळी येऊन औषध नेई आणि उरलेले परत ठेवी. या दोन गावांत औषधाने होणारे प्रयत्न आणि मृत्यू घटले. प्रयोग लहान होता, त्यावरून मोठे दावे करता येत नाहीत. त्या संशोधकांनीही त्याला शक्यता पाहणारा अभ्यास असेच म्हटले.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की मला एक गोष्ट दिसते. घरातल्या पेटीची किल्ली घरातच असते, बहुधा त्याच माणसाच्या कमरेला. सामायिक कोठीत जाताना दुसऱ्या माणसासमोर उभे राहावे लागते. "आज भल्या पहाटे कशाला औषध पाहिजे? वारा किती सुटलाय, फवारणी कशी करणार?" एवढे विचारणारा कोणीतरी तिथे असतो. कुलूप दोन्हीकडे आहे. फरक किल्ली कोणाकडे आहे यात आहे. साधन दूर ठेवणे आणि आधार देणे या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून शिकवल्या जातात, पण ज्याच्याकडे किल्ली दिली तोच आधार असतो.

बंदुकीच्या बाबतीत ही रीत आपल्याला परकी नाही. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांनी शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करावीत, असे आदेश निघतात. निवडणूक प्रक्रिया संपली की ती परत मिळतात. यात कोणाचा मान जात नाही. गावात तणावाचा काळ आहे म्हणून शस्त्र तेवढ्यापुरते दूर, हे सर्वांना पटते. घरातही असा तणावाचा काळ येतो. परवानाधारकाला स्वतःहून शस्त्र पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवायला देता येते. घरच्यांना काळजी वाटली, तर परवाना नसताना शस्त्र स्वतः न हाताळता त्यांनी पोलिस ठाण्याला सांगावे.

गुन्ह्यापासून उपचारापर्यंत

किल्ली दुसऱ्याकडे द्यायची, तर मनातले आधी बोलावे लागते. बोलण्याच्या वाटेत दीडशे वर्षे कायदाच उभा होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा होता. परिणाम असा, की रुग्णाला दवाखान्यात आणणारे नातेवाईक "चुकून प्यायला" असे सांगत. खरे कारण दडले की खरा उपचारही दडतो. पोट धुऊन रुग्ण घरी जाई आणि मनाची विचारपूस राहून जाई.

हे कलम घटनाबाह्य ठरवणारा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातून आला. मानसिक आजाराने ग्रासलेल्या मुंबईच्या एका पोलिस शिपायाच्या प्रकरणात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९८६ मध्ये ते रद्दबातल ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला, पण १९९६ मध्ये घटनापीठाने कलम पुन्हा वैध ठरवले. २००८ मध्ये विधी आयोगाने ते वगळण्याची शिफारस केली. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिशा बदलली. त्याचे कलम ११५ सांगते, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिच्यावर खटला भरू नये आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. १ जुलै २०२४ ला आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ उरलेले नाही. सरकारी नोकराला भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते कलम २२६ मात्र आहे. एवढा बदल होऊनही गावोगाव "पोलिस केस होईल" ही भीती जिवंत आहे. ती घालवणे हे आता आपले काम आहे.

सावरणारे हात

२०१५ मध्ये राज्य सरकारने मराठवाड्याचे आठही जिल्हे आणि विदर्भातील काही, अशा १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन झोप लागते का, मन कशात रमते का, जगणे नकोसे वाटते का, असे प्रश्न विचारायचे आणि गरज असेल त्याला जिल्हा रुग्णालयाच्या पथकापर्यंत पोचवायचे, अशी ही रचना आहे. त्याच वर्षी उस्मानाबाद आणि यवतमाळ जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. अशा कामाचा उपयोग होतो का, याचे उत्तर अमरावती जिल्ह्यातील 'विश्राम' प्रकल्पाने दिले. तिथल्या तीस गावांत साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून नैराश्य ओळखले आणि उपचाराशी जोडून दिले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. पुढे हे प्रमाण सत्तावीसवर गेले आणि जीव देण्याचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले.

त्याहूनही साधा एक प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केला. भारतातील केंद्र चेन्नई होते. प्रयत्नातून वाचून दवाखान्यात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याखेरीज तासभर बोलणे झाले आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस झाली. दीड वर्षात पहिल्या गटातील १८ जणांनी आत्महत्या केली, दुसऱ्या गटातील दोघांनी. यात महागडे औषध नव्हते आणि यंत्रही नव्हते. "कसे आहात?" हे नऊ वेळा विचारले गेले होते.

या इतिहासातून आपल्या घराने काय घ्यावे? माणूस गप्प गप्प राहू लागला, देणी-घेणी उरकू लागला, "माझ्यामागं पोरांकडं बघा" असे बोलू लागला, तर त्याला सरळ विचारावे, "जीव द्यायचं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. ऐकताना उपदेश करू नये, देवाधर्माचा किंवा पोराबाळांचा धाक घालू नये. त्याला एकटे सोडू नये. घरातले औषध, पंपासकट, त्याच दिवशी भावकीत किंवा शेजारी, दुसऱ्या घरी हलवावे. "फवारणीला मी येतो संगं, तवा घेऊ," एवढे म्हणणारा मेव्हणा किंवा मित्र पुरतो. हंगाम संपल्यावर उरलेला डबा घरात ठेवूच नये, लागेल तेवढेच आणावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. औषध पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना खरे सांगावे. आता त्यात गुन्हा नाही.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात असा विचार घोळत असेल, तर त्यांनी आज एकच गोष्ट करावी. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला सांगावे आणि किल्ली त्याच्याकडे द्यावी. बायको, बहीण, थोरला भाऊ, शाळेतले जुने मास्तर, आशाताई, यांपैकी कोणीही चालेल. कोणीच सुचले नाही, तर १४४१६ लावावा. ही शरणागती नाही. सुटीला घरी जाताना बंदूक छावणीत ठेवणाऱ्या सैनिकाला कोणी भित्रा म्हणत नाही.

शासनाने अतिविषारी औषधे बाजारातून काढावीत, गावोगावी सामायिक कोठ्या करून पाहाव्यात, घाटीपासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत वाचलेल्या प्रत्येकाचा पाठपुरावा करावा, ही मागणी आपण करत राहिले पाहिजे. विभागीय आयुक्तालयातील चौकशीच्या तक्त्यात कर्ज आणि सातबाऱ्याबरोबर आणखी एक रकाना यावा, असेही मला वाटते : औषध कुठे ठेवले होते आणि किल्ली कोणाकडे होती. या उत्तराने गेलेला माणूस परत येणार नाही. पण शेजारच्या गावात कोठी कुठे बांधायची आणि तिथे कोणाला बसवायचे, हे त्यातून ठरवता येईल.